आरती आणि शिमगा सोडून

सर जाऊन वर्ष होत आलं, तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी भेटतंच आणि आवाज खाली आणून विचारतंच, "बाई, आता तरी सांगा, सर नक्की कुणाच्या गटाचे?" परवा रंकाळ्यावर फिरायला गेले होते, तिथं आमच्याच कॉलेजातून निवृत्त झालेल्या एकानं हेच विचारलं. पूर्वी मी थांबून समजावून सांगायचे. आता कंटाळा येतो. माणूस मातीत गेला तरी त्याला कुठल्या तरी कळपात हाकलल्याशिवाय या गावाला झोप लागत नाही. मी म्हटलं, माझ्या गटाचे होते, आणि चालायला लागले.

सर राज्यशास्त्र शिकवायचे. मी त्याच विभागात त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि त्यांच्या तऱ्हांची सगळ्या कॉलेजाला सवय झाली होती. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते 'पावणं' म्हणायचे. एका नव्या प्राचार्यांनी हरकत घेतली, तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "खुर्चीवर आलायसा, एक दिवस उठून जाणार. मग पावणं न्हाईतर काय?" मला मात्र ते बाई म्हणायचे. भर मे महिन्यात गळ्यात मफलर, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि काखेत दोन छत्र्या. एक स्वतःची आणि एक मागणाऱ्याची. मागणाऱ्याची छत्री कधीच परत यायची नाही, मग ते नवी आणायचे. मिसळ खायला गेले की वरचा तिखटजाळ कट नको म्हणून सांगायचे आणि वर दही मागायचे. कोल्हापुरात हे असं करणाऱ्या माणसाकडं हॉटेलवाला कसा बघतो ते मी पाहिलंय.

भावाशी ते कानडी बोलायचे, वर्गात रोखठोक कोल्हापुरी, आणि फळ्यावर लिहायचे ते पुस्तकातलं शुद्ध मराठी. तोंडानं "ह्ये बघा, सत्ता म्हंजे काय हाय" असं म्हणत असताना हात मात्र 'सत्तेची संकल्पना' असं वळणदार लिहीत असायचा. पोरं पहिले दोन आठवडे हसायची. मग हसणं थांबायचं आणि बसायला बाक पुरायचे नाहीत.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हे प्रकरण आमच्या अभ्यासक्रमात होतं आणि ते सरांचं सगळ्यात लाडकं. दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, सर, तिथला सगळ्यात भारी अध्यक्ष कोण? सर म्हणायचे, "त्यानं लढाई कुठली मारली ते मला सांगू नगासा. परराष्ट्र धोरण म्हंजे लग्नातला फेटा. बांधला की समदीच रुबाबदार दिसत्यात. घरात काय घालतोय ते सांगा." मग ते पोरांना कामाला लावायचे. ह्या गड्याच्या काळात म्हाताऱ्याला दवाखाना मिळाला का, गरिबाच्या पोराला शाळा मिळाली का, काळ्या माणसाला मत देता आलं का. बाहेर जग जिंकलेला एखादा अध्यक्ष या हिशेबात पार झोपायचा, आणि बाहेर नाक कापून घेतलेला एखादा घरात मोठं काम करून गेलेला निघायचा. सरांचा थोरला भाऊ शाहूपुरीत गुळाचा व्यापारी. त्याच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी बसून सर हे शिकले होते. बाहेरनं गुळाचे सगळे रवे, म्हणजे ढेपा, पिवळेधमक दिसतात, म्हणून घेणारा एक तोडून आत बघतो.

पण बघायचं कुणाच्या डोळ्यांनी, हा खरा प्रश्न. त्यावर सरांची स्वतःची रीत होती आणि तिला ते 'उलटी साक्ष' म्हणायचे. माणूस चांगला होता हे ज्याला सांगायचंय, त्यानं त्याचं वाईट सांगायचं. ज्याला शिव्या द्यायच्यात त्यानं चांगलं सांगायचं. भक्ताची स्तुती म्हणजे आरती, वैऱ्याची शिवी म्हणजे शिमगा. दोन्ही वजा करायचं, खाली उरेल ते काम.

हे ऐकायला गंमत वाटते. पण अलीकडच्या वर्षांत ते कुणालाच जमेना. आमच्या स्टाफरूममध्ये दोन प्राध्यापक होते, वर्षानुवर्षं एका डब्यात जेवणारे. अमेरिकेतल्या एका निवडणुकीवरून त्यांची अशी जुंपली की डबे वेगळे झाले. ज्या देशानं दोघांनाही व्हिसा दिला नसता, त्या देशाच्या अध्यक्षासाठी! सर तोवर निवृत्त झाले होते, पण पुस्तकं बदलायला यायचे. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. स्तुती करणाऱ्याला म्हणाले, त्यानं एक काय बिघडवलं तेवढं सांगा. दुसऱ्याला म्हणाले, एक काय सुधारलं तेवढं सांगा. घंटा झाली तरी दोघांना एकही सापडेना. सर उठले आणि मला म्हणाले, "बाई, ह्येंनी अध्यक्ष बघितलाच न्हाय. एकमेकांची तोंडं बघून बोलत्यात."

आमच्याही घरात तेच चाललं होतं म्हणा. माझा दीर आणि माझा भाऊ एका लग्नात एका पंगतीला बसेनात. त्यामुळं सरांचं ते वाक्य ऐकून मला हसू आलं नाही.

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. माणूस मोठा होता यात वाद नाही. आवाज असा की मैदानावर माईक लागायचा नाही, आणि राग असा की समोरच्याला खुर्ची सापडायची नाही. मी कॉलेजात लागायच्या आधीची गोष्ट. परदेशातलं कुठलंसं शिष्टमंडळ कॉलेज बघायला येणार होतं, तेव्हा साहेबांनी प्रवेशद्वारावर दगडी कमान उभी केली. सभेत सगळे वा वा करत असताना सर उठले आणि विचारलं, कमान झाली, आता मुलींच्या वसतिगृहात पाणी कधी येणार? सभा गार पडली. त्या जूनमध्ये सरांची बदली चंदगड तालुक्यातल्या शाखेत झाली.

चंदगडचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला तो सांगून कळत नाही. भिंतीला हात लावला की हात ओला व्हायचा, अंथरूण कधी वाळायचं नाही, आणि गावी यायचं तर एसटी. सरांनी तिथं कितीतरी पावसाळे काढले, मग कुठं परत कोल्हापुरात आले. त्यातल्या एका आषाढात त्यांची आई, त्यांची अव्वा, इथं कोल्हापुरात गेली. निरोप मिळताच सर निघाले. वाटेत पुलावर पाणी आलं आणि गाडी अलीकडंच थांबली. दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. अव्वाला माती द्यायला त्यांना मिळालं नाही.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बदलीचा नियम काय असतो असं मी विचारलं म्हणून. आवाज चढला नाही की उतरला नाही. साहेबांना त्यांनी कधी शिवी दिलेली मी ऐकली नाही. लोक म्हणायचे, घाबरतात. पोरगी संस्थेत आहे ना.

पोरगी संस्थेत होती, एवढं मात्र खरं. सरांची एकुलती एक मुलगी आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर घेतला, सुट्टी लागली की घरी, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याची धाकधूक. हुशार पोरगी. तिच्या मागून आलेले कायम झाले, ही तशीच राहिली. आई लवकर गेल्यामुळं कळंब्याच्या घरात बापलेकच. वडलांचं पथ्य, औषध, हरवलेल्या छत्र्या सगळं तीच बघायची. भूगोलाची एक कायम जागा भरायची म्हणून मुलाखती लागणार अशी बातमी आली, तेव्हा विभागातल्या सगळ्यांना वाटलं, आता तरी हिला न्याय मिळेल.

आणि त्याच सुमाराला साहेब वारले.

संस्थेत तोवर उभी फूट पडलेली होती. एका बाजूला साहेबांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला पुतण्या. कॉलेजात चहा कुणाबरोबर घेतला यावरून माणसाचा गट ठरायचा, म्हणून मी घरून थर्मास न्यायला लागले होते. पंचगंगेवर रक्षाविसर्जनाला सगळं गाव लोटलं. आमच्याकडं रक्षाविसर्जनाला भाषणं होतातच. एकेक पुढारी उठला आणि साहेबांना पार देव्हाऱ्यात बसवून खाली बसला. पुतण्याची माणसं मागं चहाच्या गाड्यावर उभी राहून नेमकं उलटं बोलत होती. कुणीतरी सरांच्या हातात माईक दिला. सरांनी तो परत केला आणि म्हणाले, "राख निवू द्या. मला चौकशी करायची हाय अजून." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

पुढं कॉलेजच्या सभागृहात दोन्ही गटांची मिळून शोकसभा ठरली आणि सरांनी साहेबांच्या कार्याचं मूल्यमापन करावं असा निरोप आला. मुलाकडून आला तसा पुतण्याकडूनही आला. मुलाचा हिशेब असा की पोरीची मुलाखत तोंडावर आहे, म्हातारा गोडच बोलेल. पुतण्याचा हिशेब असा की चंदगडची आग अजून विझली नसेल, म्हातारा फोडून काढेल. सरांनी दोघांनाही हो म्हणून सांगितलं आणि मला फोन केला. बाई, गाडी काढा.

सरांना कुठलंच वाहन चालवता यायचं नाही. माझ्या स्कूटीवर मागं एका बाजूला पाय टाकून, छत्री मांडीवर धरून बसायचे आणि वळण आलं की मलाच सावकाश म्हणायचे. आम्ही बरंच फिरलो. सगळं सांगत बसत नाही, दोन ठिकाणांचं सांगते.

कागलच्या पुढं एका खेड्यात आमचे जुने हेडक्लार्क राहत. साहेबांनी त्यांना निलंबित केलं होतं, कोर्टात दोघं वर्षानुवर्षं भांडले होते. साहेबांचं नाव काढल्याबरोबर त्यांनी जो पट्टा सुरू केला तो मी इथं लिहू शकत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, हा झाला शिमगा, आता एक चांगलं सांगा. हेडक्लार्क भडकले. उठून आत गेले. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि उंबऱ्यावरच उभं राहून सांगितलं. कॉलेज सुटल्यावर या बाजूला एसटी नव्हती, म्हणून खेड्यातल्या पोरी दुपारीच वर्ग सोडून जायच्या, आणि वर्षभरात त्यांचं शिक्षण सुटायचं. साहेब एसटीच्या डेपोत जाऊन बसले. गाडी लावून देत नाही तोवर उठत नाही म्हणाले. गाडी लागली, तिच्यासाठी कॉलेजचं वेळापत्रक बदललं. "माझ्या दोन्ही पोरी त्याच गाडीनं शिकल्या," हेडक्लार्क म्हणाले. "तिथं माझं तोंड बंद हुतंय, सर."

दुसरं घर शहरातच, साहेबांच्या उजव्या हाताचं. आयुष्यभर साहेबांच्या मागं बॅग घेऊन फिरलेला माणूस. तो रडायलाच लागला. साहेब म्हणजे बाप, साहेब म्हणजे देव. सरांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, देवानं काय बिघडवलं? तो म्हणाला, काही नाही. सर गप्प बसून राहिले. ही त्यांची दुसरी रीत, समोरच्याला नकोसं होईपर्यंत गप्प बसणं. शेवटी तो माणूस खाली बघून बोलायला लागला. मुलाखत व्हायच्या आधीच नाव ठरायचं. बाहेर बाकावर हुशार हुशार पोरं बसलेली असायची, त्यांना चहा पाजून वाटेला लावायचं काम याचं. साहेब म्हणायचे, माणूस आपला पाहिजे, शिकवायला काय, शिकवतंय कुणीबी. "सर, सगळी आपलीच माणसं भरली," तो म्हणाला, "आणि आता तीच निम्मी निम्मी हून भांडत्यात."

परत येताना मी सरांना म्हटलं, हे सभेत बोलणार? पोरीची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. सर म्हणाले, ती गुणी हाय, तिचं ती बघंल. मग म्हणाले, बाई, जरा थांबा, मफलर सुटला.

शोकसभेला सभागृह भरून गेलं होतं. मधली वाट सोडून डावीकडं मुलाची माणसं, उजवीकडं पुतण्याची, लग्नात वरपक्ष-वधूपक्ष बसतात तशी. पण लग्नात निदान एकमेकांना पाणी विचारतात. तासिकावाले शिक्षक सगळ्यात मागं भिंतीला टेकून उभे. त्यांत सरांची मुलगी होती.

सर उभे राहिले. आधी चांगलं सांगतो म्हणाले, आणि ते वैऱ्यांच्या तोंडून आलंय म्हणून खरं धरा. त्यांनी त्या एसटीची गोष्ट सांगितली. नाव न घेता सांगितली. त्या गाडीनं शिकलेल्या पोरी आज कुठं नर्स आहेत, कुठं शिक्षिका आहेत, ग्रामपंचायतीत आहेत. बाहेरची कमान पडून जाईल, ही गाडी घराघरात पोचली आहे, आणि त्याचं श्रेय साहेबांचं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. डावीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. उजवीकडं पुतण्या उठला आणि दाराकडं चालू लागला. आमच्याकडं गटाचा शिरस्ता असा की नेता उठला की गट उठतो. खुर्च्यांचा आवाज करत उजवी बाजू रिकामी झाली. सर माईकवर म्हणाले, "थांबा की पावणं, निम्मं ऱ्हायलंय अजून." कुणी थांबलं नाही.

मग सर उरलेल्या निम्म्याकडं वळले. आता वाईट सांगतो म्हणाले, आणि ते भक्ताच्या तोंडून आलंय म्हणून खरं धरा. मुलाखतीआधी ठरलेली नावं, बाकावर बसवून घालवलेली हुशार पोरं, 'आपला माणूस' हा एकच निकष. साहेबांनी दारात मोठी कमान बांधली, पण आत कुणाला घ्यायचं ते त्यांच्या मर्जीवर ठेवलं, आणि आज हे जे दोन तुकडे झालेत ते त्या मर्जीचेच आहेत. डावीकडं आधी कुजबुज झाली, मग आरडाओरडा, मग माईक बंद. साहेबांचा मुलगा उठला. डावी बाजूही उठली आणि दुसऱ्या दारानं गेली. मागचे तासिकावालेही एकेक करून सटकले.

सर थांबले नाहीत. माईकशिवाय, रिकाम्या खुर्च्यांना, ठरवलेलं सगळं बोलून मोकळे झाले. शेवटी साहेबांच्या फोटोपुढं जाऊन त्यांनी मनापासून हात जोडले. अख्खं भाषण ऐकलेली माणसं आम्ही दोघीच, मी आणि त्यांची मुलगी. अव्वाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नव्हता. बाहेर आल्यावर मी विचारलं, ते का नाही सांगितलंत? म्हणाले, ती माझी साक्ष. मी वैरी, माझी वाईट साक्ष चालत न्हाय.

संध्याकाळपर्यंत मोबाईलवर दोन तुकडे फिरायला लागले. एकात सर साहेबांची नुसती स्तुती करतायत, खाली लिहिलेलं, पोरीच्या नोकरीसाठी विकला गेला. दुसऱ्यात सर नुसती निंदा करतायत, खाली लिहिलेलं, कृतघ्न म्हातारा. दोन्ही तुकडे खरे होते. जोडून कुणालाच नको होते. रस्त्यात लोक सरांना टाळू लागले, भावाच्या दुकानात कुणी नमस्कार करेना.

पुढच्या महिन्यात मुलाखती झाल्या. सरांच्या मुलीला आत बोलावलं, नाव विचारलं आणि या म्हणून सांगितलं. जूनमध्ये तिच्या तासिकाही दुसऱ्या कुणाला दिल्या.

त्यानंतर मी कळंब्याला गेले. सर आरामखुर्चीत बसून तेच तेच बोलत होते. निम्मं ऐकून गेले. अध्यक्षाचं सोडा, ह्येंला अख्खं ऐकायची ताकदच न्हाय ऱ्हायली. मी मान हलवत होते. खरं सांगायचं तर मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्यांच्या मुलीकडं बघवत नव्हतं, दोन्ही एकदमच. ती आतून भडंगाची ताटली घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली आणि पहिल्यांदाच वडलांच्या समोर खुर्ची ओढून बसली.

"अप्पा, तुम्ही खरं बोललासा, त्याचं मला काही न्हाय," ती म्हणाली. "कागलला जाऊन आलासा. साहेबांच्या माणसाकडं गेलासा. गावभर फिरून एकेकाला विचारलंसा. ह्या घरात मी हाय, मला विचारलं न्हाईसा. तासिका माझ्या गेल्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सर गप्प बसले, आणि हे समोरच्याला बोलतं करायचं गप्प बसणं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. हात नुसते मांडीवर पडून होते. मग ते चाचरत म्हणाले, "चुकलं गं माझं." आणि मान वर करून, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ती उठली, त्यांच्या गळ्यातला मफलर काढून घडी घातली, आणि मग तिला रडू आलं.

"बोला म्हटलं असतं की, अप्पा."